एकाच नाल्यात भरती आणि ओहोटी

१

"मॅडम, नुसती नजर टाका आणि सही करा," केयूर म्हणाला होता. मृणालिनीबाईंनी नजर टाकली आणि तिथेच अडकल्या.

अंधेरीला केयूरचं ऑफिस होतं. एकेकाळी तो बाईंचा विद्यार्थी होता. आता उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून नकाशे करून देणाऱ्या कंपनीचा मालक. बाईंनी आयुष्यभर कॉलेजात हीच चित्रं वाचायला शिकवली होती. निवृत्त होऊन मुलुंडला घरी बसल्यावरही कुणी बोलावलं की त्या जात. या वेळचं काम मोठं होतं. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत, खाडीच्या अंगाला, पावसाळ्यात पाणी कुठे भरतं याचा नकाशा. लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे निर्धास्त. सोमवारी तो सरकारी खात्याकडे जायचा होता आणि त्यावर बाहेरच्या जाणकाराची सही हवी होती.

घाटकोपर पूर्वेला, महामार्ग ओलांडला की खाजणवाडी लागते. खाडीला मिळणाऱ्या नाल्याला टेकलेली वस्ती. नकाशात तिच्या चहूबाजूंना लाल रंग पसरला होता आणि मधोमध खाजणवाडी हिरवीगार होती.

"ही वस्ती उंचावर आहे का रे?"

"असेल ना, मॅडम." केयूरचं लक्ष फोनमध्ये होतं.

बाईंनी नकाशा बाजूला सारून त्यामागचं मूळ चित्र उघडलं. गेल्या पावसाळ्यातल्या मोठ्या पुराच्या सकाळी रडारने टिपलेलं. रडारला ढग आड येत नाहीत. पाणी त्यात काळं दिसतं आणि घरं पांढरी. नाल्याची काळी पट्टी खाडीकडून वर येत होती. भरतीचं पाणी आत घुसल्यामुळे फुगलेली, दोन्ही काठ गिळून बसलेली. खाजणवाडीपाशी मात्र ती अचानक सुतळीएवढी बारीक झाली होती. वस्ती संपली की पुन्हा तितकीच जाड.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाणी असं कधी वागत नाही. एकाच नाल्यात, एकाच क्षणी, वर भरती, खाली भरती आणि मध्ये ओहोटी.

कुणीतरी कोरड्या दिवसाच्या चित्रातला तुकडा कापून इथे चिकटवला होता.

"केयूर, सही राहू दे," त्या म्हणाल्या. "या चित्राला हात लावू शकतील अशी माणसं किती आहेत तुझ्याकडे?"

केयूरने फोन खाली ठेवला. "मी धरून चौघं. का?"

२

निहार पहिला आला. आकडेमोडीचे प्रोग्रॅम तो लिहायचा. त्याला परदेशात नोकरी लागली होती आणि मनाने तो कधीच निघून गेला होता.

"सॉफ्टवेअरचा लोचा असणार, मॅडम. चित्रं जोडताना होतं कधी कधी."

"सॉफ्टवेअर चौकोनी तुकडे जोडतं. हा वेडावाकडा आहे, वस्तीच्या कडेकडेने कापलेला."

"मग मला खरंच नाही माहीत. खाजणवाडी मी बघितलेलीसुद्धा नाही. वस्त्यांच्या हद्दी सरकारी फाइलमधून येतात, त्या मी जशाच्या तशा उचलतो. विषय संपला."

गंधाली आली ती रागातच. पाणी कुठे आणि किती हे चित्रातून काढायचं काम तिचं. "मला कुणीतरी विचारायचं तरी," ती म्हणाली. "भरती-ओहोटीचं वेळापत्रक समोर ठेवल्याशिवाय मी एकही चित्र निवडत नाही. त्यावरच तर माझा प्रबंध होता. आणि मी असं शेंडा ना बुडखा काम करीन?"

केयूरला बाईंनी त्याच्याच केबिनमध्ये गाठलं. मघापासून त्याला एकाच माणसाचे फोन येत होते. पडद्यावरचं नाव बाईंना दिसलं होतं: सुबोध.

"खाजणवाडीला लागून मोठा प्लॉट आहे. तो या सुबोधचा का?"

"आहे. बिल्डर आहे, आपली आणखी दोन कामं त्याच्याकडे आहेत. त्यात काय?" मग त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, जास्त उकरू नका ना. एका वस्तीचा रंग बदलला तर कुणाचं काय बिघडतं?"

"पाण्याचं काहीच बिघडत नाही," बाई म्हणाल्या.

शेवटी अक्षता. बोरिवलीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी, कमी बोलणारी मुलगी. वस्त्यांमध्ये फिरून लोकांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचं आणि चित्राशी ताडून बघायचं, हे तिचं काम. इतर वस्त्यांबद्दल ती न अडखळता सांगत गेली. इथे गुडघाभर, तिथे ओट्याच्या वर, अमुक गल्लीत कमरेला.

"आणि खाजणवाडीत?"

"तिथं... कमी-जास्त येतं. लोक नीट सांगत नाहीत."

"चल, मला दाखव. मी विचारून बघते."

अक्षताचा हात माउसवरच थांबला. "आजच, मॅडम?"

३

दोघी घाटकोपर स्टेशनहून रिक्षाने गेल्या. रिक्षावाल्याने महामार्गाच्या कडेला सोडलं, पुढे पायी. उन्हाने नाल्याचा वास उठला होता. वस्तीच्या एका अंगाला पत्र्यांचं उंच कुंपण होतं आणि त्यामागून डंपर माती ओतत असल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या अंगाला नाल्यावर लोखंडी पूल, आणि पुलापलीकडे गोदामांच्या भिंतीला चिकटून तीन घरं.

बाईंनी दारोदार विचारलं. पाणी भरतं का हो? सगळीकडून एकच उत्तर आलं. "नाही हो. इथं कुठलं पाणी?" इतक्या जणांचं इतकं एकसारखं उत्तर बाईंनी कुठल्याच वस्तीत ऐकलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला मालन नावाच्या बाईंचं घर होतं. साठीच्या, मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा दोघं लालबागहून इथे आली. तो गेला, त्या राहिल्या.

"बसा, बाई. पाणी नाय येणा हय," विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या.

मृणालिनीबाईंनी घरभर नजर फिरवली. फ्रिज विटांच्या चौथऱ्यावर चढवलेला. तांदळाचा डबा फळीवर, सगळ्यात वर. विजेची बटणं तर जवळजवळ छताला भिडलेली. दिवा लावायला मालनताईंना काठी लागत असणार. भिंतीला ताजा रंग होता, पण तो छातीच्या उंचीपर्यंतच.

"पुलापलीकडची घरं कुणाची?" बाईंनी विचारलं. "सरकारी कागदावर ती गोदामांच्या हद्दीत दिसतात."

"कागदावर काय पण असांदे. साकवापलीकडची माणसा आमचीच. आमचो गणपती एक, मयताक खांदो एक." मालनताई बोलता बोलता आत गेल्या आणि तीन कप चहा घेऊन आल्या. बाईंच्या चहात साखर मजबूत होती. अक्षतापुढे त्यांनी वेगळा कप ठेवला. "हो बिनसाखरेचो," त्या म्हणाल्या आणि बोलून गेल्यावर थबकल्या.

अक्षताने मान खाली घातली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

बाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ज्या उत्तरासाठी त्या आल्या होत्या ते मिळालं होतं, आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मीटिंगच्या खोलीत फक्त अक्षताला बोलावलं. पडद्यावर तो कापलेला तुकडा होता.

"मी माझं सांगते. चुकलं तर टोक," बाई म्हणाल्या. "पहिला संशय केयूरवर गेला. पण बिल्डरसाठी कुणी हात चालवला असता तर आधी त्याचा प्लॉट हिरवा झाला असता. तो लालच आहे. उलट वस्ती लाल राहिली आणि उठली, तर जागा त्यालाच मिळेल. म्हणजे हे केयूरच्या सोयीचं नाही. गंधालीने तुकडा निवडला असता तर भरतीच्या वेळचा निवडला असता, नाला मध्येच असा बारीक दिसलाच नसता. निहारने केलं असतं तर सरकारी हद्दीवरून कापलं असतं. आता ही कड बघ."

त्यांनी बोटाने कड दाखवली. तुकडा वस्तीभोवती फिरत आला होता, पुलापाशी नाला ओलांडून पलीकडे गेला होता आणि तीन घरांना वळसा घालून परत आला होता.

"ही तीन घरं कुठल्याच कागदावर खाजणवाडीत नाहीत. ती फक्त वाडीतल्या माणसांच्या डोक्यात खाजणवाडीत आहेत. आणि तू चहा बिनसाखरेचा पितेस हे मालनताईंना माहीत आहे. कोण लागतात त्या तुझ्या?"

"मावशी," अक्षता म्हणाली. तिने नाकारण्याचा प्रयत्नही केला नाही.

"ती घरं सोडली असतीस तर नाला तुकड्यात आलाच नसता. मलाही कळलं नसतं."

"कशी सोडणार, मॅडम? अख्खी वाडी हिरवी आणि त्यांना एकट्यांना लाल ठेवायचं? कुठल्या तोंडाने मावशीकडे गेले असते?"

अक्षता खिडकीबाहेर बघत बोलत होती.

"आमचं घर जोगेश्वरीला होतं, नाल्याकाठीच. या कंपनीने पहिला नकाशा केला तेव्हा मी इथे नुकतीच लागले होते. आमची वस्ती लाल झाली. मी किती खूश झाले म्हणून सांगू. बाबांना फोन करून सांगितलं, आता पंप बसतील, नाला रुंद होईल. पंप नाही आला. नोटीस आली. सगळ्यांना उचलून लांब कुठेतरी नेऊन टाकलं. बाबा वॉचमन होते; तिथून ड्युटीवर पोचता येईना, नोकरी गेली. बाबांचं नाव सहदेव; ते घेतलं की आमच्या गल्लीत कुणीही घर दाखवायचं. आता शेजारच्यालाही नाव माहीत नाही. दिवसभर खिडकीत बसलेले असतात."

"आणि पाण्याचं काय? पूर आला तर?"

"पाणी दर वर्षी येतं, मॅडम. वाडीला त्याची सवय आहे. पोटमाळ्यावर चढतात, ओहोटी लागली की उतरतात. पाण्यापेक्षा लाल रंगाची भीती जास्त आहे."

बाईंना हे खोडून काढता आलं नसतं. पण रात्री झोप न लागल्याने त्यांनी पहाटेपासून जुनी चित्रं चाळली होती, आणि त्यात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. त्यांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

"हे गेल्या पुराच्या आधीचं. हे गेल्या आठवड्यातलं. नाल्याकडे बघ."

अक्षताने पाहिलं. पत्र्याच्या कुंपणाआडून मातीचा भराव सरकत सरकत नाल्यात उतरला होता. वाडीच्या खालच्या बाजूला नाला निम्माही उरला नव्हता. जमिनीवर उभं राहून कुणाला हे दिसलं नसतं, पत्रे आड येत होते.

"गेल्या वर्षी पाणी इथून निघून गेलं," बाई म्हणाल्या. "यंदा त्याला वाट नाही. मी गंधालीच्या आकड्यांवरून हिशेब करून पाहिला."

"कुठवर येईल?"

"पोटमाळ्याच्या वर."

५

संध्याकाळी त्या दोघी परत मालनताईंच्या घरी बसल्या होत्या. या वेळी कुणी पाणी येत नाही म्हणालं नाही.

मालनताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून पोटमाळ्याच्या शिडीला हात लावून उभ्या राहिल्या. "म्हणजे हयसर ऱ्हवलो तर बुडतलो," त्या म्हणाल्या, "आणि तुमी खरा लिवल्यात तर उठवतले."

"मी लिहीन की दोष भरावाचा आहे. तो काढा, वस्ती हलवू नका."

"वाचतले?"

"वाचायला हवं."

"तसा नाय, बाई. वाचतले काय?"

मृणालिनीबाईंना खोटं बोलवेना. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण हिरवं ठेवलं तर पावसात सूचना येणार नाही, बोट येणार नाही. कुणी बघणारही नाही तुमच्याकडे."

मालनताई अक्षताकडे वळल्या. "तू काय सांगतंस गो?"

अक्षता रडत होती.

"लाल करा," मालनताई म्हणाल्या. "पोरा आसत वाडीत."

बाईंनी चित्र मूळचं होतं तसं केलं. खाजणवाडी लाल झाली, पुलापलीकडच्या तिन्ही घरांसकट. भरावाची दोन्ही चित्रं जोडून त्यांनी खाली खुलासा लिहिला, सोप्या शब्दांत, कुणालाही कळेल असा. केयूरला त्यांनी एवढंच सांगितलं की चूक सापडली, दुरुस्त झाली, कुणाची ते विचारू नकोस. त्याने विचारलं नाही. खुलासा मात्र त्याने वाचला आणि बराच वेळ पेन हातात फिरवत बसला.

"हे राहू दे ना इथेच, केयूर."

"राहील, मॅडम. माझ्याकडून जाईल. पुढे ते लोक काय करतात ते माझ्या हातात नाही."

अक्षताने त्याच दिवशी नोकरी सोडली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं.

६

नकाशा मंजूर झाला. बाईंनी छापील प्रत मागवून घेतली. लाल रंग होता, त्यांची सही होती. खुलासा नव्हता. खात्यात फोन केला तेव्हा एका साहेबांनी अदबीने सांगितलं की नकाशात फक्त नकाशा असतो. कारणांची चौकशी वेगळं खातं करतं. त्या वेगळ्या खात्यात गेल्या. तिथे चंद्रप्रकाश नावाच्या अधिकाऱ्याने चहा दिला, दोन्ही चित्रं नीट पाहिली, खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, "मॅडम, हे उपग्रहाचं आहे. आम्हाला जागेवरचा पंचनामा लागतो." जागेवर तर पत्रे होते. प्लॉट खाजगी होता. आत जायला मालकाची परवानगी हवी होती.

जुलैत एका सकाळी हवामानाचा अंदाज बघून बाईंनी मालनताईंना फोन केला. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र येणार होता. वाडीतली माणसं पोराबाळांना, म्हाताऱ्यांना घेऊन महामार्गापलीकडच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसली. दुपारी पाणी चढलं. ते पोटमाळ्यांच्या वर गेलं. पुलापलीकडच्या तीन घरांचं नंतर काहीच उरलं नाही, गोदामाची भिंत त्यांच्यावर बसली. माणूस एकही गेला नाही. बाईंना त्या बातमीने आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण संध्याकाळपुरता.

कारण पुढच्या आठवड्यात नोटिसा लागल्या. त्यात लिहिलं होतं की वस्ती अतिधोक्याच्या क्षेत्रात असल्याचं शास्त्रीय नकाशावरून सिद्ध झालं आहे. पुराचे फोटो जोडले होते. लोकांनी मोर्चा काढला, बाई त्यात चालल्या. एका वार्ताहराला त्यांनी भरावाची चित्रं दिली. बातमी आली, लहानशी. तिच्यात भराव नव्हता, निवृत्त प्राध्यापिकेचा मोर्चात सहभाग एवढंच होतं. गणपतीच्या आधी टेम्पो आले.

बाई त्या दिवशी गेल्या नाहीत. जाऊन काय बोलायचं ते त्यांना सुचलं नाही. मुलुंडच्या घरी टेबलाशी बसून त्यांनी वाडीतल्या लोकांना जिथे नेलं ती वसाहत शोधली. त्यांच्या नकाशाच्या बाहेर होती. तिकडचा पूरधोका बघायचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच जुलैतल्या त्या दिवसाचं रडारचं चित्र उतरवून घेतलं. उंच इमारतींचे पांढरे ठिपके दिसले. त्यांच्या भोवती, रस्त्यापर्यंत, सगळं काळं होतं.

मग त्यांनी फोन लावला.

"पोचलंव, बाई," मालनताई म्हणाल्या. पाठीमागे भांड्यांचा आवाज येत होता. "सातव्या माळ्यार खोली दिल्यानी."

"मालनताई, तिथे खाली पाणी साचतं का? कुणी काही सांगितलं?"

"साचता म्हणतत. पण आमका काय त्याचा? सातव्या माळ्यार पाणी खयचा येतला. नळाकय येणा नाय."

तेवढ्यात पलीकडे फोन कुणीतरी घेतला. अक्षता होती.

"मॅडम, खाली टँकर आलाय आणि लिफ्ट बंद आहे. आम्ही हंडे घेऊन उतरतोय," ती म्हणाली. "नंतर बोलू या."